कन्नड यावं म्हणून लावलेलं कार्टून

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मिस्टर यंत्रमागावर जातात, मी घरात ब्लाऊज शिवते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. मी मशीनवर बसले की मुलाला टीव्ही लावून देते, जेवतानाही त्याला तो लागतोच. दिवसाचे चार तास होत असतील. पुढं शाळेत कन्नड जड जाऊ नये म्हणून दिवाळीपासून त्यातले दोन तास कन्नड कार्टून लावते, बाकी हिंदी. कन्नड काही आलं नाही, एक गाणं तेवढं म्हणतो. हिंदी मात्र आली. 'छोडूंगा नहीं' म्हणत बहिणीला लाथा मारतो. शेजारी कन्नड आज्जी आहेत, पण त्यांना मराठी येतं, त्यामुळं त्या आमच्याशी मराठीच बोलतात. संध्याकाळी सात ते दहा सासूबाईंच्या मालिका चालू असतात. परवा मुलगा त्यांनाच म्हणाला, 'तू या घरातून चालती हो.' त्या दिवसभर जेवल्या नाहीत. बालवाडीच्या टीचर म्हणतात, हा एका जागी बसत नाही. मिस्टर म्हणतात, टीव्ही विकून टाकू. मी माझ्या पोराचं डोकं बिघडवलं का? मुलगीसुद्धा अजून एक शब्द बोलत नाही, तीही टीव्हीकडंच बघत बसते. काय करू?
— एक आई, वडगाव

उत्तर : तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही त्याचं डोकं बिघडवलेलं नाही. साडेतीन वर्षांचं मूल जे बघतं ते उचलतं आणि जे उचललं ते लगेच करून बघतं. हे त्याचं वयच आहे. त्याच्यापुढं काय येतं आणि ते येताना शेजारी कोण बसलेलं असतं, हे बदलायला हवं. त्यासाठी टीव्ही विकायची गरज नाही.

कन्नडपासून सुरुवात करते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या कितीतरी आया हेच करताहेत. घरात मराठी, गल्लीत मराठी, आणि २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत पहिलीपासून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. आपलं पोर वर्गात मागं पडेल ही धास्ती खरी आहे. घरात टीव्ही आहे, त्यावर कन्नड कार्टून आहे, मग लावून द्यावं असं कुणालाही वाटेल. पण भाषा त्या वाटेनं फारशी येत नाही, आणि ती का येत नाही हे कळलं तर तुमचे दोन तास वाचतील.

अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष येऊन बसली. त्यांनी चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली, खेळणी दाखवत गप्पा मारल्या, असं बारा वेळा केलं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ तसंच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसांसोबत बसलेली बाळं इंग्रजीत नसलेले चिनी आवाज वेगळे ओळखायला शिकली. टीव्हीसमोरची बाळं काहीच शिकली नाहीत, चिनी कधी कानावरच पडलं नव्हतं इतकी ती कोरी राहिली. भाषा तीच, वेळ तेवढाच. दुसऱ्या गटासमोर जिवंत माणूस तेवढा नव्हता.

तुमचा मुलगा नऊ महिन्यांचा नाही, हे मला मान्य आहे. तीन वर्षांनंतर मुलं पडद्यावरून काही शब्द नक्की शिकतात. पण त्यासाठी गोष्ट त्यांना कळावी लागते, आणि तो शब्द त्यांनी उच्चारला की ऐकून उलट बोलणारं कुणीतरी लागतं. आता तुम्ही म्हणाल, हिंदी तरी टीव्हीवरूनच आली की. आली खरी, पण कशी आली ते बघा. हिंदी मराठीच्या जवळची, त्यामुळं गोष्ट त्याला निम्मीअर्धी कळते. 'छोडूंगा नहीं' हे लाथेबरोबर येतं, म्हणजे शब्दाला कृती चिकटलेली असते. आणि गल्लीतली पोरं हीच कार्टून बघतात. त्यानं तो डायलॉग मारला की समोरून दुसरा डायलॉग येतो, त्यातून खेळ सुरू होतो. हिंदीत त्याला उत्तर देणारी माणसं आहेत. कन्नडात कुणीच नाही. दोन तास कन्नड ऐकून तो उठतो तेव्हा घरात एकही माणूस त्याच्याशी कन्नडात बोलत नाही.

आणि माणूस तर भिंतीपलीकडं आहे! शेजारच्या कन्नड आज्जींकडं जा आणि त्यांना सांगा, 'आज्जी, माझ्याशी मराठीत बोला, पण याच्याशी फक्त कन्नडात बोला.' आपल्याकडची मोठी माणसं समोरच्याला अवघडू नये म्हणून चटकन त्याच्या भाषेत शिरतात, ही आपल्या भागातली फार चांगली सवय आहे. पण तुमच्या मुलाला त्यांचं कन्नड हवंय. त्याला रोज काहीतरी निमित्त काढून पाठवा. कधी वाटीभर चटणी पोचवायला, कधी फुलं आणायला. त्या 'बा' (ये) म्हणतील, 'कूत्को' (बस) म्हणतील, 'ऊटा आयता?' (जेवण झालं का?) विचारतील, 'नीरु बेका?' म्हणून पाण्याचा तांब्या पुढं करतील. पहिले काही आठवडे तो फक्त बघेल. मग एक दिवस पाणी मागेल. वीस मिनिटं पुरेत, आणि त्या आज्जींनाही सोबत होईल. कार्टूनमधलं ते जे गाणं त्याला पाठ झालंय, तेही त्यांच्यासमोर म्हणू दे. गाण्यातल्या शब्दांचे अर्थ त्या हाताबोटांनी दाखवतील.

घरात मात्र मराठीच बोला, भरपूर बोला. शाळेच्या भीतीनं घरात मोडकंतोडकं कन्नड सुरू केलेल्या आया मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत गोष्ट सांगता येते, का आणि कसं विचारता येतं, त्याला दुसरी भाषा सोपी जाते. पहिलीला अजून अडीच वर्षं आहेत.

आता लाथांकडं वळू. मुलं पडद्यावरची मारामारी उचलतात का, हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच तपासला गेलाय. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांना मोठ्या माणसानं हवेच्या बाहुल्याला बडवताना दाखवलं. १९६३ च्या प्रयोगात काही मुलांना हे समोर प्रत्यक्ष दाखवलं, काहींना फिल्मवर, काहींना मांजराचा वेश घेतलेल्या माणसाकडून, कार्टूनसारखं. मग मुलांना खेळणी देऊन बघत राहिले. फिल्म आणि कार्टून बघितलेल्या मुलांनी, असं काही न बघितलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट मारझोड केली. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फिल्मच्या शेवटी मारणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली तर मुलं स्वतःहून कमी मारतात. पण 'काय बघितलंस ते करून दाखव, बक्षीस देईन' म्हटलं की तीही सगळं जसंच्या तसं करून दाखवतात. शिक्षा बघून हात आवरला तरी मारणं शिकून झालेलं असतं.

'पण शेवटी वाईट माणूस हरतो की, बोध चांगलाच आहे' असं म्हणून आपण कार्टून चालू ठेवतो. तो बोध साडेतीन वर्षांच्या मुलापर्यंत पोचतच नाही. अमेरिकेत २००८ साली बालवाडीतल्या, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा मोठ्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे आधी त्याला घाबरतात आणि शेवटी त्याच्याशी दोस्ती करतात. जो कुणी वेगळा दिसतो त्याला दूर लोटू नये, हा बोध. पाहून झाल्यावर विचारलं तर बऱ्याच मुलांना तो कळलाच नव्हता. ज्यांना काही सांगता आलं त्यांच्या लेखी गोष्ट कुत्र्यांपुरतीच होती, तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावं एवढीच. बराच वेळ भीती आणि भांडण आणि अगदी शेवटी थोडा समेट, यातलं लहान मुलाच्या हाताला काय लागणार? सुरुवातीच्या कृत्याला शेवटच्या परिणामाशी जोडणं हे या वयात फार अवघड काम आहे.

सासूबाईंना तो जे बोलला, त्याचंही हेच. मालिकेत ते वाक्य मोठ्या आवाजात येतं, संगीत वाजतं, सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात. सगळं घर त्या क्षणी पडद्याकडं बघत असतं. मुलाला एवढंच कळतं की या शब्दांत फार ताकद आहे. त्याला घर सोडून जाणं म्हणजे काय हे माहीत नाही. सासूबाईंना हे तुमच्या मिस्टरांनी बसून सांगावं. सुनेनं सांगितलं तर ते मालिकेवरचं बोट वाटेल. आणि मुलाला त्याबद्दल मार देऊ नका. आज्जीला वाईट वाटलं, ती रडली, हे त्याला तिच्याजवळ बसवून दाखवा. तेवढं त्याला कळतं.

लाथा मारतो तेव्हा स्वयंपाकघरातून 'मारू नको रे' ओरडून उपयोग नाही, हे तुम्हालाही कळून चुकलं असेल. त्या कार्टूनमधलं मारामारीचं जे आहे ते बंदच करा. त्याच्या वयाला त्याची काही गरज नाही. बाकीचं बघताना दिवसातून निदान एकदा त्याच्याशेजारी बसा आणि बोला. 'अरे, त्याला लागलं. बघ कसा रडतोय. आता याला काय करायला पाहिजे?' समेटाचा प्रसंग आला की तो तुम्ही शब्दांत सांगा, कारण तो त्याला आपोआप दिसणार नाही. काजं-बटणं, हातशिलाई असली कामं त्या वेळेसाठी राखून ठेवा. मशीनच्या आवाजात बोलणं होणार नाही, हातशिलाई करताना होईल.

टीचर म्हणतात तो एका जागी बसत नाही. साडेतीन वर्षांची मुलं तशी फार बसतही नाहीत, त्यामुळं लगेच घाबरू नका. पण टीव्हीचा इथं थोडा संबंध असू शकतो. २०११ च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या साठ मुलांचे तीन गट केले. एका गटाला नऊ मिनिटं धावपळीचं, क्षणाक्षणाला दृश्य बदलणारं, अशक्य गोष्टी घडणारं कार्टून दाखवलं. दुसऱ्याला संथ, शिकवणारा कार्यक्रम. तिसऱ्याला चित्रं काढायला दिली. त्यानंतर लगेच थांबायची, लक्ष द्यायची, सूचना पाळायची कामं दिली. धावपळीचं कार्टून बघितलेली मुलं त्यात मागं पडली. हे बघितल्या-बघितल्या तपासलेलं आहे, कायमची इजा होते असा त्याचा अर्थ नाही. पण बालवाडीला निघायच्या आधी नाश्त्याला टीव्ही लावत असाल, तर तो आजपासून बंद करा आणि पंधरा दिवसांनी टीचरना पुन्हा विचारा. रात्री झोपायच्या आधीचा तासही तसाच मोकळा ठेवा.

मला विचाराल तर तुमच्या घरात कार्टूनपेक्षा मोठा प्रश्न संध्याकाळी सात ते दहाचा आहे, जेव्हा टीव्ही मुलांसाठी लावलेला नसतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन एका खोलीत बसवलं आणि अर्धा तास मागं मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवला, असा २००८ चा एक अभ्यास आहे. मुलं पडद्याकडं मधून मधून काही क्षणच बघत होती. तरी त्यांचा खेळ तुटत होता. एक खेळणं घ्यायचं, टाकायचं, दुसरं घ्यायचं. टीव्ही बंद असताना तीच मुलं एका खेळात जास्त वेळ रमत होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात दिसलं की मागं टीव्ही चालू असला की आईबापांचं मुलांशी बोलणंच साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतं. मुलाकडं न बघता 'हं, हं' म्हणणं वाढतं. तुमची चौदा महिन्यांची मुलगी रोज तीन तास अशा खोलीत असते, आणि शब्द फुटायचं वय नेमकं हेच आहे.

तरीही सासूबाईंचा टीव्ही हिसकावू नका. दिवसभर राबून त्या बसतात, त्यांचा तेवढाच विरंगुळा आहे, आणि मुलं सांभाळायला त्याच आहेत. त्यांची सगळ्यात आवडती एक मालिका कुठली ते विचारा. ती त्यांनी निवांत बघावी, त्या वेळी मिस्टरांनी दोन्ही मुलांना घेऊन बाहेर कट्ट्यावर बसावं, गल्लीत एक फेरी मारावी. कामावरून दमून येतात हे मला समजतं, पण हा अर्धा तास बापानंच द्यायचा आहे. बाकीच्या मालिका मुलं झोपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात तेव्हा. आणि सासूबाईंना आज्जी म्हणून त्यांची स्वतःची जागा द्या. त्या लहान असताना वडगावातले हातमाग कसे होते, मंगाईची जत्रा कशी भरायची, हे त्या नातवाला सांगतील तर त्याला ऐकायला मिळणारी मराठी कुठल्याही मालिकेत नाही.

टीव्ही विकू नका म्हणते त्याला कारण आहे. चांगला कार्यक्रम मुलांना खरोखर शिकवतो. अमेरिकेत १९६९ साली 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाला तो गरीब घरांतली मुलं शाळेत मागं राहू नयेत म्हणून. त्याचा हिंदी अवतार 'गली गली सिम सिम' आपल्याकडं २००६ मध्ये आला. अक्षरं, आकडे, भावना ओळखणं, यात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अशा कार्यक्रमांचा फायदा होतो. निवडताना बघा : गोष्ट एकच असावी, हळू चालणारी असावी, पात्र प्रश्न विचारून मुलाच्या उत्तरासाठी थांबत असेल तर फारच उत्तम. तोच भाग पुन्हा पुन्हा मागत असेल तर खुशाल लावा. एका कार्यक्रमाचा एकच भाग लागोपाठ पाच दिवस मुलांना दाखवून बघितलाय. दर दिवशी त्यांना तो जास्त समजत गेला आणि ती पडद्याला जास्त उत्तरं देऊ लागली. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको, कमी असेल तर बरंच. त्याहून लहान बाळांना अजिबात नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही हेच. मोबाईलसुद्धा या तासातच धरायचा. चारावरून एकावर एकदम येऊ नका. आधी जेवणाचा टीव्ही काढा. टीव्हीसमोर भरवलेल्या मुलाला पोट भरलं की नाही हे कळत नाही, आणि घास चावायचाही तो विसरतो. दुपारच्या जेवणापासून सुरू करा. सगळे एकत्र बसा, ताटात थोडंच वाढा, त्याच्या हातानं खाऊ दे, सांडू दे. तीन-चार दिवस तो रडेल, एखाद्या जेवणाला कमी खाईल. त्यानं काही बिघडत नाही. ते दिवस घरातल्या सगळ्यांनी एकच बोलायला हवं. एकानं दया येऊन रिमोट दिला की रडणं दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं.

मशीनच्या वेळेला त्याच्या हाताला काम द्या. चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करणं, रिकामी रिळं ओवणं, जुना टेप घेऊन घरातलं सगळं मोजणं. सुया, कात्री, बटणं तेवढी लांब ठेवा. जून-जुलैत आपल्याकडं पाऊस लागून राहतो, मुलं आठ-आठ दिवस घरात कोंडतात. तेव्हा एका तासाचा दीड तास झाला तर स्वतःला बोल लावू नका.

मुलीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहिलीत, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. चौदाव्या महिन्यात शब्द नसणं बऱ्याच मुलांत दिसतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण शब्दांशिवायचं बोलणं आहे का ते बघा. हाक मारली की वळते का? हवं ते बोटानं दाखवते का? 'टाटा' करते का? तुमच्या तोंडाकडं बघून 'बाबा-मामा' असे आवाज काढते का? यातली एखादी गोष्ट होत नसेल, किंवा सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नाही, तर सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टीव्हीमुळं असेल, बंद केला की बोलेल, असं म्हणत महिने घालवू नका. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते, तिचं पथक अंगणवाडीत येतं. तुमच्या भागात ते कधी येणार हे अंगणवाडीच्या टीचरना याच आठवड्यात विचारा. हाकेला ती वळत नसेल तर पथकाची वाट बघू नका, थेट जिल्हा रुग्णालयात न्या.